वज्रकासवावरची बंदी

"...म्हणजे वस्ताद, वज्रकासवावर तुम्ही बंदी घालणार की नाही, तेवढं सांगा."

दूर्वा घोरपडेनं हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठं मुजावर वस्तादांनी स्क्रीनवरची नजर काढली.

"उभी का? बस की."

ती बसली नाही.

खाली तालमीत पैलवानांची सकाळची मेहनत चालली होती. मातीवर अंग आपटल्याचे आवाज जिन्यानं वर येत होते. वरच्या माडीवर माती नव्हती. तिथं भिंतीला लागून स्क्रीन मांडले होते आणि त्यांच्यापुढं बसून पोरंपोरी 'दैत्यझुंज' खेळत. पण कोल्हापूरचा माणूस शब्द सहजी बदलत नाही. या माडीलाही लोक तालीमच म्हणत, आणि तिथं शिकवणाऱ्या इक्बाल मुजावरांना वस्ताद.

वस्ताद एकेकाळी देशात पहिले आले होते. स्पर्धा सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी दैत्यझुंजीतला कुठलाही तंटा अखेर त्यांच्याच दारात यायचा. यंदाचाही आला होता. करवीर करंडकाचे संयोजक वज्रकासवावरून आपसांत भांडले, दोन्ही बाजूंनी हट्ट धरला आणि शेवटी म्हणाले, वस्ताद ठरवतील ते.

"आकडे मी मघाशी दिलेत," दूर्वा म्हणाली. ती संख्याशास्त्र शिकत होती आणि आकडे तिच्या जिभेवरच असत. "गेल्या वर्षात जिंकलेल्या शंभर टीम घ्या. त्यांतल्या ऐंशी टीममध्ये कासव आहे. याला काय खेळ म्हणायचा?"

"तुझ्या टीममध्ये हाय?"

"नाही. तत्त्व म्हणून नाही."

"आणि गेल्या साली फायनलला तू..."

"हरले." तिनं मान ताठ ठेवली. "कासवाकडून हरले."

वस्तादांनी नुसतं "हं" केलं.

दैत्यझुंजीचे नियम सोपे. प्रत्येकानं सहा दैत्यांची टीम आणायची. रिंगणात एका वेळी दोघांचा एकेकच. प्रत्येक डावाला दोघांनी एकमेकांना न कळू देता ठरवायचं, वार करायचा, की दैत्य मागं घेऊन दुसरा उतरवायचा. मग दोन्ही चाली एकदम उघड होतात. ज्याचे सहाही पडले, तो हरला.

या खेळात वज्रकासव आलं आणि सगळी घडी विस्कटली. त्याची खोड अशी, की त्याला मारावं तितकं ते फुगत जायचं आणि खाल्लेला सगळा मार एका फटक्यात परत करायचं. दूर्वानं फायनलला त्याच्यावर सलग चार डाव वार केले. पाचव्या डावाला कासव एकदाच हललं, आणि तिचा सगळ्यात भारी दैत्यच आडवा झाला. समोरचा पोरगा जिंकल्यावर स्वतःच ओशाळून हसला होता. ते हसू तिला हरण्यापेक्षा जास्त झोंबलं होतं.

"बरं," वस्ताद म्हणाले. "घालतो बंदी."

दूर्वाचा चेहरा उजळला.

"आधी त्याला पाडून दाखव."

"अहो, पाडता आलं असतं तर इथं आले असते का?"

"म्हंजे पाडता येत न्हाई म्हणून आलीस."

तिचा आवाज चढला.

"वस्ताद, हे काय बोलणं झालं? नाही पाडलं तर म्हणणार, ही हरल्याचं रडगाणं गाते. आणि पाडलं, तर बंदीची गरजच काय उरली?"

वस्ताद खिडकीतून खाली बघत होते. दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसतेच उभे होते. कुणीच काही करत नव्हतं.

"ते तवा बघू," वस्ताद म्हणाले.

दूर्वा जिना उतरली ती पाय आपटतच.

घरी येऊन तिनं दार लावून घेतलं. करंडकाला दोन आठवडे होते. यंदा जिंकणाऱ्याला देशाच्या टीममध्ये जागा मिळणार होती, आणि ती जागा आपलीच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. आडवं काय ते एवढं कासव होतं.

तिनं जुन्या मॅच काढून बघितल्या. आगीचे दैत्य लावले, विजेचे लावले. एका फटक्यात सगळ्यात जास्त मारणारा कोण, ते काढलं. त्याला घेऊन ती कासवावर तुटून पडली. कासव फुगलं आणि त्याला चेचून मोकळं झालं.

आईनं जेवायला हाक मारली. ती म्हणाली, आले. आणि गेलीच नाही.

असे काही दिवस गेले. एका दुपारी ती नेहमीच्या सरावाच्या मॅचमध्ये होती. तिचा दैत्य कासवापुढं उभा होता, चाल ठरवायची वेळ चालू होती, आणि दाराची बेल वाजली. गॅसचा सिलिंडर आला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं धावत जाऊन दार उघडलं, रिकामा सिलिंडर ओढत आणून दिला, सही केली. परत येऊन बघते तो वेळ संपून डाव होऊन गेला होता. तिच्या दैत्यानं काहीच केलं नव्हतं. तो नुसता उभा राहिला होता.

कासवानं मारलं होतं. पण काय मारलं होतं! गालावरची माशी हाकलावी, तसं.

दूर्वा खुर्चीच्या कडेवर बसली...

पुढच्या डावाला तिनं मुद्दाम काही केलं नाही. कासवानं पुन्हा तसलंच काहीतरी मारलं. मार मिळाला नाही, तर परत करायला त्याच्याकडं काही नव्हतंच.

ती एकटीच मोठ्यानं हसली. मारल्याशिवाय जिंकायचं! हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कारण या खेळात सगळे मारायलाच बसतात.

मग तिचा हात थांबेना. कासवाला झोपवायला तिनं निजघुबड घेतलं. विष भिनवायला विषवेल घेतली, कारण विषानं जीव झिजतो पण तो वार धरला जात नाही. विष उतरवायला कासव रिंगणाबाहेर पळतं, म्हणून त्याला जागेवर चिकटवून ठेवायला चिकटगोगल. आणि हे सगळं होईतो कासवाचे फुसके फटके खात उभं राहायला खडक्या. चौघांना जागा करायची म्हणून तिनं जुने चार काढले. त्यांत तिचा चिखलबेडूकही होता. शाळेत असल्यापासून तो तिच्या टीममध्ये होता. लोक त्याला हसायचे, आणि हसता हसता हरायचे. त्याला काढताना तिचं बोट क्षणभर अडखळलं.

क्षणभरच.

दुसऱ्या दिवशी ती माडीवर आली ती हसतच. आणि न सांगता बसली.

"कासव घ्या, वस्ताद."

वस्तादांनी घेतलं. पहिल्या मॅचला त्यांचं कासव झोपेतच विष चढून संपलं. दुसऱ्या मॅचला त्यांनी ते उशिरा उतरवलं. तेही चिकटून बसलं आणि जागच्या जागी झिजून गेलं. तिसऱ्या मॅचच्या मध्यावर वस्तादांनी हात टेकले आणि मांडीवर असा शड्डू ठोकला, की माडीवरचे सगळे वळून बघायला लागले.

"शाब्बास! मारलंस की गं मैदान!"

दूर्वाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. वस्ताद असं कुणाला म्हणत नसत.

"मग आता करतो बंदी," ते म्हणाले.

"आता कशाला?" ती पटकन म्हणाली. "आता नको."

"का?"

"पाडता येतं ना त्याला!"

"कुणाला येतं?"

"...मला."

"आणिक?"

"अजून कुणाला माहीत नाही." ती प्रामाणिक होती, ते मात्र कबूल केलं पाहिजे. "करंडकापर्यंत तरी नाही कळणार. ऐंशी जण कासव घेऊन येतील, वस्ताद. मी त्यांना रांगेत उभं करून पाडीन."

वस्ताद उठले. कोपऱ्यातल्या डब्यातून त्यांनी भाजलेल्या शेंगा आणल्या आणि त्यातल्या सहा वेचून टेबलावर एका ओळीत ठेवल्या.

"ही तुझी टीम. ह्यो पहिला कोण?"

"निजघुबड."

"कशासाठी?"

"कासवासाठी."

वस्तादांनी शेंग फोडली आणि दाणे तोंडात टाकले.

"ह्यो?"

"विषवेल. कासवासाठी."

तीही खाल्ली. चावून चावून, निवांत.

"ही?"

"चिकटगोगल... कासवासाठी."

"आणि ही?"

दूर्वा टरफलांकडं बघत होती. वस्तादांनी जरा वाट बघितली आणि चौथीही खाल्ली.

टेबलावर दोन शेंगा राहिल्या. बाकी टरफलं.

"तुझा बेडूक कुठं गेला गं?"

"काढला."

"चांगला व्हता."

"कासवापुढं त्याचा उपयोग नाही."

वस्तादांनी मान डोलावली. टरफलं गोळा केली, खिडकीशी नेऊन टाकली, हात झटकले.

"आणि ते ऐंशी जण? त्यांच्या टीममध्ये काय असतंय?"

"कासव. आणि बाकीचे..." ती बोलता बोलता थांबली. सगळ्या मॅच तिनं नुकत्याच बघितल्या होत्या. आकडे तिच्या जिभेवर होते. ते तिनं मनात पुन्हा मोजले, आणि या वेळी त्यांची बेरीज वेगळी आली. "...बाकीचे कासवाला सांभाळायला. उरलेले वीस, त्याला टाळायला."

खालच्या तालमीत कुणीतरी मोठ्यानं हसलं.

वस्तादांनी खिशातून फोन काढला, संयोजक इंगवल्यांचा नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला.

"काय सांगायचं ते तूच सांग. मी व्हय म्हणतो."

फोन वाजत होता. दूर्वा त्याच्याकडं बघत राहिली. इतके दिवस उपाशीतापाशी बसून तिनं जे मिळवलं होतं, ते एका शब्दानं पाण्यात जाणार होतं. तो शब्द बोलला नाही, तर देशाच्या टीममधली जागा तिची होती. हे तिला स्वच्छ दिसत होतं. वस्तादांनाही दिसत असणार. पण ते टेबलाला टेकून, उरलेल्या दोन शेंगांकडं बघत उभे होते.

"हॅलो? बोला वस्ताद," पलीकडून इंगवले म्हणाले.

"मी दूर्वा घोरपडे बोलतेय. वस्तादांच्या फोनवरून." तिनं घसा खाकरला. "वज्रकासव बंद करा."

"हां... म्हणजे वस्तादांचं म्हणणं, ते अजिंक्य आहे?"

हो म्हटलं असतं, तर विषय तिथंच संपला असता.

"नाही. त्याला पाडता येतं. मी पाडलंय."

"पाडता येतं?" इंगवले गोंधळले. "मग बंदी कशाला?"

तिचाच प्रश्न तिच्यापुढं येऊन उभा राहिला. तिनं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद मदतीला आले नाहीत.

"कारण दुसरं काही करताच येत नाही," दूर्वा सावकाश म्हणाली. "जो तो कासवाचंच खेळतोय. ते घेणाराही, आणि पाडणाराही. मीसुद्धा."



"वस्तादांना द्या जरा," इंगवले म्हणाले.

वस्तादांनी फोन घेतला. "व्हय," म्हणाले, आणि ठेवला.

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडं झाली. आणि बंदी कुणाच्या सांगण्यावरून झाली, तेही सगळ्यांना कळलं. मग लोकांनी दूर्वाची सालटी काढली. गेल्या वर्षी हरली त्याचा सूड उगवला, असं कुणी लिहिलं. जमत नाही तर खेळू नये, असं कुणी लिहिलं. तिच्या वर्गातल्या एकानं तिला तोंडावर विचारलं, "काय गं, कासवाला एवढी घाबरलीस?"

कासवाला पाडलेल्या तिन्ही मॅच माडीवरच्या मशीनमध्ये होत्या. त्या बाहेर टाकायला तिला एक मिनिट लागलं असतं.

ती तणतणत वस्तादांकडं आली.

"सगळे म्हणतात, मी हरले म्हणून बंदी आणली."

"खरं हाय?"

"नाही!"

"मग?"

 दूर्वा खुर्ची ओढून स्क्रीनपुढं बसली. करंडक तोंडावर आला होता आणि तिच्याकडं टीम नव्हती. कासवच नाही म्हटल्यावर घुबड, वेल, गोगल, खडक्या, कुणाला काही कामच उरलं नव्हतं. तिनं सगळे काढले. सहा रिकाम्या चौकटींकडं ती बघत राहिली. आत कुठंतरी भीती होती, पण कितीतरी दिवसांनी हात शिवशिवत होते.

त्या मॅच तिनं बाहेर टाकल्या नाहीत.

करंडकाच्या दिवशी हॉलमध्ये मोठी गंमत उडाली. एका टीमसारखी दुसरी टीम नव्हती. जणू कपाटाच्या तळाशी पडलेले दैत्य लोकांनी धूळ झटकून आणले होते. ज्यांची नावंही कुणाला नीट आठवत नव्हती, ते रिंगणात उतरत होते आणि जिंकत होते. बाहेर बंदीच्या नावानं खडे फोडणारे आत खुर्चीवर उभं राहून ओरडत होते. दूर्वा पहिल्याच मॅचला हरता हरता वाचली. त्यानंतर मात्र ती थांबली नाही. ती फायनलला गेली.

फायनलला समोर गडहिंग्लजचा अभिनंदन मगदूम होता. त्याला यापूर्वी कुणी बघितलं नव्हतं. मॅच लांबली, खूप लांबली. अखेरीस दोघांचा एकेकच दैत्य उरला, आणि शेवटच्या डावाला दूर्वाचा पडला.

करंडक गडहिंग्लजला गेला. देशाच्या टीममधली जागाही.

वस्ताद स्पर्धा बघायला कधीच जात नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माडीवर एकटेच वायरी पुसत बसले होते. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि दूर्वा आत आली. तिचा आवाज बसला होता, डोळे जागरणानं लाल होते.

"वस्ताद, काय मॅच झाली!" ती दारातूनच म्हणाली. "तुम्ही पाहिजे होता. त्यानं पहिल्यांदा काय काढलं माहितीय? वाघूळ! वाघूळ कोण काढतं का? मला वाटलं, पोरगं घाबरलंय. कसलं घाबरतंय! माझे दोन खाल्ले की त्यानं..."

वस्तादांनी फडकं खाली ठेवलं.

"मग मी विंचू आणला. त्याला वाटलं मी डंख मारणार. मला कळलं, त्याला तसं वाटणार. म्हणून मी मारला नाही, बदलला. आणि तेवढ्यात त्यालाही कळलं होतं, की मला कळणार. त्यानंही बदलला! दोघांनी एकाच डावाला बदलले, वस्ताद. पडदा उघडला, आणि रिंगणात कोण? त्याचं मुंगूस आणि माझा खेकडा! कुणालाच नको असलेले दोघं समोरासमोर, आणि करायचं काय ते दोघांनाही कळेना. सगळा हॉल हसायला लागला. तो हसला, मी हसले. पंचही हसले. मग मी म्हटलं, आता हा..."

ती बोलत राहिली. हातांनी खेकडा केला, मुंगूस केलं. पाण्याचा तांब्या समोर होता, तरी पाणी प्यायची शुद्ध तिला नव्हती. वस्ताद हनुवटीखाली मूठ धरून ऐकत होते. मधेच एकदा त्यांनी विचारलं, "मग?" आणि पुन्हा गप्प झाले.

ऊन खिडकीतून सरकून टेबलावर आलं.

दूर्वा दमून थांबली. तिनं श्वास घेतला, आणि तेव्हा तिला आठवलं, की मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच. तिचा चेहरा थोडा उतरला.

"आणि वस्ताद... शेवटी निकाल..."

वस्तादांनी हात वर करून तिला थांबवलं.

"निकाल पेपरात येतोय. ते खेकड्याचं परत सांग."